जे आधी येईल ते

पहाटे ४.४०

कंपाउंडच्या भिंतीला धरून आठ खांब. प्रत्येक खांबावर एक लोखंडी बटण. हातातलं यंत्र बटणाला टेकवायचं, बीप ऐकायचा, पुढच्या खांबाकडे निघायचं. एक फेरी अठरा मिनिटांची. रात्री आठपासूनची ही पाचवी. एखादं बटण चुकलं तर सकाळी सुपरवायझरच्या कॉम्प्युटरवर लाल रेघ दिसते आणि त्या रेघेचा जाब द्यावा लागतो.

मेजर केबिनमध्ये येऊन बॅटरी ठेवतात, रजिस्टर ओढतात आणि वेळ टाकून सही करतात. वय पन्नाशीचं. मिशी काळी, कानाजवळचे केस पांढरे. सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, मग तो शिपाई म्हणून आलेला असो की सुभेदार म्हणून. हे हवालदार होते. मराठा लाइट इन्फंट्री, चोवीस वर्षं, २०१८ ला घरी. आता शहराबाहेरच्या एमआयडीसीत रात्रपाळीचे गार्ड, कंत्राटदाराकडून.

पगार १९,२००. पीएफचे १,८०० जातात, व्यवसाय कराचे २००, ईएसआयसीच्या कामगार विम्याचे १४४. हातात १७,०५६ येतात. आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. पेन्शन वेगळी, तिच्यावर घर चालतं. या पगारावर काय चालतं, ते आज दिवसभरात बघायचं होतं.

सकाळी ५.३५

गेटवर ट्रक. ड्रायव्हर झोपेतच चलन खिडकीतून आत सरकवतो. मेजर चलनावरचा नंबर वाचतात, मागं जाऊन सीलवरचा नंबर वाचतात, पुन्हा चलन बघतात. सील हातानं ओढून बघतात. लांब दांड्याचा आरसा गाडीखाली फिरवतात. मग साखळी सोडतात.

मोबाइल वाजतो. घरून मुलगा.

“किती?”

“एकशे बासष्ट.”

“रात्री उठला होतास?”

“एकदा. दोनला. त्र्याहत्तर होती. बिस्किटं खाल्ली.”

“कार्ड घे. जुनी चिठ्ठी घे. पेन पिशवीत ठेव, खिशात नको.”

रोज सकाळी हा फोन येतो. रक्तातली साखर किती, एवढंच विचारायचं असतं. मुलाला तेराव्या वर्षी टाइप वन डायबिटीस निघाला, २०१४ मध्ये. शाळेतून आला, पाणी पाणी करत होता, संध्याकाळी उलट्या, रात्री शुद्ध हरपली. मेजर तेव्हा युनिटमध्ये होते. घरच्यांनी त्याला जीपमध्ये घालून पुण्याला कमांड हॉस्पिटलात नेलं. नऊ दिवस ठेवलं. एक पैसा लागला नाही. तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं. तीन जेवणाआधी, एक रात्री झोपताना.

सकाळी ८.१०

बदलीचा गार्ड दहा मिनिटं उशिरा येतो. मेजर काही बोलत नाहीत. किल्ल्या मोजून देतात, शिट्टी देतात, यंत्र देतात, सही घेतात. बारा तास संपले. तोंडावर पाणी मारून जुन्या स्प्लेंडरला किक. घरी जायचं नाही. आज औषधाचा दिवस, महिन्याची सहा तारीख.

सकाळी ८.३०

ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ ला सुरू झालेली. निवृत्त होताना एकदाच पैसे भरायचे, मग माजी सैनिक, बायको, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील, सगळ्यांना औषधं आणि नेमलेल्या दवाखान्यात बिनपैशाचा उपचार. शिपायापासून हवालदारापर्यंत ३० हजार, सुभेदारांच्या वर्गाला ६७ हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार. वॉर्डही त्याप्रमाणे जनरल, सेमी प्रायव्हेट, प्रायव्हेट. मेजरांचे ३० हजार निवृत्तीच्या हिशोबातूनच कापले गेले. कापलेत हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं, ते म्हणतात. एकदम एवढे पैसे आयुष्यात पहिल्यांदाच हातात आले होते.

टोकन ३४. पुढे तेहतीस माणसं आहेत, म्हणजे सगळे सहाच्या एसटीनं आलेले. पांढरे सदरे, काही डोक्यांवर रेजिमेंटच्या टोप्या, हातात प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवीत कार्ड, डिस्चार्ज बुक, पेन्शनच्या पीपीओची झेरॉक्स, मागची चिठ्ठी. झेरॉक्स जास्तीच्या. फौजेत कागदाची सवय लागते ती सुटत नाही. म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांची जन्मतारीख १ जून. शाळामास्तरांनी एका दिवशी सगळ्या गावाला जन्माला घातलं आणि त्या तारखेवर पुढं भरती, बढती, पेन्शन सगळं झालं.

मेजर बाकावर भिंतीला डोकं टेकतात. पाचच मिनिटं डोळा लागतो.

सकाळी ९.१५

मुलगा येतो. एकवीस किलोमीटर, तिकीट ४१ रुपये. उंच, सडपातळ, बाह्या दुमडलेल्या. बीकॉम झालेला, दोन वर्षं शहरातल्या अभ्यासिकेत बसून तलाठी भरतीची तयारी. अभ्यासिकेचे महिना ७०० रुपये. वडिलांची झोप मोडत नाही. शेजारी बसतो. पिशवीतून स्टीलचा बसका थर्मास काढून झाकण बघतो. आत गार पाण्याच्या दोन पिशव्या, मध्ये इन्सुलिनचं पेन.

त्याची बोटं जवळून बघितली. डाव्या हाताच्या मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटाची टोकं कडेनं घट्ट झालीत. बारीक काळे ठिपके, ओळीत. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मध्ये नाही, मध्ये दुखतं. अंगठा आणि तर्जनी राखून ठेवलेली. “लिहायला लागतात,” तो म्हणतो.

सकाळी १०.०५

डॉक्टर मॅडम स्वतः फौजेतून आलेल्या. रिपोर्ट बघतात. तीन महिन्यांची सरासरी ८.१.

“मागच्या वेळी ७.६ होती. काय झालं?”

“परीक्षा होती.”

“परीक्षेत जेवत नाहीस की परीक्षेत जास्त जेवतोस?”

मुलगा हसतो. दोन्ही, म्हणतो. मॅडम पोटावरची कातडी चाचपून बघतात. एकाच जागी टोचून गाठी धरल्यात का, ते बघायचं असतं. डावीकडे एक आहे. तिथं महिनाभर टोचायचं नाही. रात्रीचं इन्सुलिन २२ युनिट तसंच. जेवणाआधीचं ८, १०, ८. पायांना सुईनं हलकं टोचून विचारतात, कळतंय का. कळतंय.

“डोळ्याचा पडदा कधी तपासला?”

“दीड वर्ष झालं.”

“वर्षातून एकदा सांगितलं होतं. रेफरल लिहिते. लवकर जा.” मग थांबून कार्ड बघतात. “लवकर म्हणजे या महिन्यातच.”

हे त्या का म्हणाल्या ते मेजरांना कळलंय, मुलालाही कळलंय. कुणी काही बोलत नाही.

सकाळी १०.४०

काउंटर. रेफरल कॉम्प्युटरवर चढवायचं असतं. खुर्चीतला माणूस माजी नायक, तोही कंत्राटावरच. कार्ड मशीनवर ठेवतो. पडद्यावर चार फोटो येतात. मेजर, वहिनी, मुलगा, मुलगी. मुलाच्या फोटोसमोर तारीख.

“मेजर, पुढच्या महिन्याच्या १९ ला पंचवीस पूर्ण.”

“माहीत आहे.”

“त्यानंतर याचं कार्ड चालणार नाही. जमा करावं लागेल.”

“वाढवून मिळत नाही का? आजार असला तर?”

“नियम ठरलेला आहे. नोकरी, लग्न किंवा पंचवीस वर्षं. जे आधी येईल ते.”

तो हे उर्मटपणे म्हणत नाही. दिवसातून तीनचारदा म्हणावं लागत असणार. मुलींचं वेगळं. मुलीला वयाची अट नाही. लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत ती कार्डावर राहते, आणि विधवा किंवा घटस्फोटित होऊन माघारी आली तर पुन्हा येऊ शकते. मुलगा पंचविशीला कमावता झालाच, असं धरलेलं आहे. नियम लिहिणाऱ्यानं गावातली अभ्यासिका बघितलेली नसावी.

“ताईचं कार्ड लग्नापर्यंत,” मुलगा म्हणतो. ती त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी, पण घरात तिला ताईच म्हणतात. “माझं कार्ड केक कापेपर्यंत.”

मागं व्हीलचेअर आहे. तिच्यात तिशीचा एक मुलगा, मान एका बाजूला कललेली, आई रुमालानं त्याची हनुवटी पुसते. त्याचं कार्ड आहे आणि राहील. कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वय लागत नाही. दाखला लागतो, किमान ४० टक्क्यांचा.

मेजर तिकडं बघतात, मग काउंटरकडे वळून हळू आवाजात विचारतात, “डायबिटीस त्याच्यात बसत नाही का? जन्मभराचाच आहे.”

“यादीत एकवीस प्रकार आहेत,” माजी नायक म्हणतो. “रक्ताचे आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल. शुगर नाही. माझ्याकडे एक सुभेदारसाहेब आले होते, त्यांच्या मुलाचंही हेच. मी यादी छापून ठेवलीय, बघा.”

यादी काचेखाली ठेवलेली आहे. मेजर वाकून पूर्ण वाचतात. सीलचा नंबर वाचतात तशी, दोनदा.

रांगेतले एक म्हातारे सुभेदार मध्ये पडतात. वय पंचवीसचं तीस करा, नाहीतर निदान कायम आजार असलेल्यांना सूट द्या, म्हणून मेळाव्यात निवेदन द्यायला पाहिजे. “पैसे घ्या की वरचे! आम्ही नाही म्हणतो का? पण दार बंद नका करू.” दोघंतिघं माना डोलावतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसलाही मुलाला पंचवीसच, माजी नायक सांगतो. म्हणजे एकाचं वाढवलं की दुसऱ्याचं आलं. टोकन ३५ पुढं सरकतं.

सुभेदारांचं म्हणणं मला पटलं. वर्गणी घेऊन वय वाढवणं हे काही फुकट मागणं नाही. बारा तास उभं राहून हे घर तसेही पैसे भरतच आहे.

सकाळी ११.२०

औषधाची खिडकी. रात्रीच्या इन्सुलिनची तीन काडतुसं मिळतात. फ्रिजमधून काढून दिलेली, डबीवर दव आलेलं. जेवणाआधीचं शिल्लक नाही. चिठ्ठीवर ‘एनए’चा शिक्का. ते ठरवून दिलेल्या केमिस्टकडून आणलं जाईल, दोन दिवसांनी या. दोन दिवसांनी म्हणजे पुन्हा ८२ रुपये एसटीचे, नाहीतर मेजरांनी ड्युटीवरून येताना घ्यायचं. मेजर घेतील.

मुलगा थर्मास उघडतो. काडतुसं पाण्याच्या पिशव्यांना थेट टेकू देत नाही, मध्ये रुमाल घालतो. गोठलं तर इन्सुलिन वाया जातं, तापलं तरी जातं.

दुपारी १२.००

मेडिकल. साखर मोजायच्या पट्ट्या हे लोक बाहेरूनच घेतात. पन्नासची डबी ९२० ला. रोज चार म्हणजे महिन्याला अडीच डब्या. मुलगा कधी तीन वेळाच मोजतो, डबी पुरवतो. पेनाच्या सुया दहा, १२० रुपये. सुई एकदाच वापरायची असते. हा एक सुई दोन-तीन दिवस वापरतो. “बोथट झाली की कळतं,” म्हणतो.

मेजर दुकानदाराला विचारतात, सगळंच बाहेरून घेतलं तर? दुकानदाराकडे कॅल्क्युलेटर आहे. रात्रीचं तीन काडतुसं, दिवसाचं तीन, पट्ट्या, सुया. सहा हजारांच्या थोडं खाली. डॉक्टरची फी, तीन महिन्यांनी रक्त तपासणी आणि डोळा धरलेला नाही.

“साधं इन्सुलिन घ्या, बाटलीतलं,” दुकानदार म्हणतो. “स्वस्त पडतं. दीडशे-पावणेदोनशेला बाटली.”

ते मुलानं आधी घेतलेलं आहे. जेवणाच्या अर्धा तास आधी टोचावं लागतं, आणि मग जेवण पुढं-मागं झालं की साखर खाली जाते. घरात जमतं. एसटीत, परीक्षेला, कामावर जमत नाही. तरी मेजर बाटलीची किंमत चिठ्ठीच्या मागं लिहून घेतात.

दुपारी १.००

स्प्लेंडरवर दोघं. वाटेत उसाच्या ट्रॉल्या. पेट्रोल शंभरचं. मेजर गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून मुलाशी बोलत राहतात. पाठ कमरेपासून दुखतेय हे बसण्यावरून दिसतं.

दुपारी १.४५

घर. अंगणात चूल आणि आत गॅस, दोन्ही चालू. वहिनींनी भाकरी, वांग्याचं कालवण, आमटी केलीय. मुलगा ताटाकडे बघून अंदाज करतो, किती भाकरी खाणार. दीड. पेनाचं चाक फिरवतो, दहा टिकटिक. उजवीकडे कुशीला टोचतो, दहापर्यंत मोजतो, सुई काढतो. शर्ट खाली घेतो. बारा सेकंदांचं काम. घरातलं कुणी मान वर करून बघतही नाही.

जेवताना वहिनी विचारतात, “काय म्हणाले?”

“१९ तारीख,” मेजर म्हणतात.

“आणि फुले योजनेचं?”

महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचा खर्च मिळतो, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजची सुई त्यात नाही. मेजरांचं स्वतःचं ईएसआयसी कार्ड आहे, दर महिन्याला १४४ कापतात. तेही चौकशी करून झालं. तिथं मुलगा शिकत असेल तर एकवीस वर्षांपर्यंत. म्हणजे एका कार्डावरून पोरगा चार वर्षांपूर्वीच उतरलाय, दुसऱ्यावरून सहा आठवड्यांनी उतरेल.

विमा एजंटही येऊन गेलेला. गावातलाच, मुलाचा वर्गमित्र. त्यानं खरं सांगितलं. आधीच्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते, हप्ता चढा लागेल, आणि टाइप वन म्हटलं की बऱ्याच कंपन्या दारातूनच परत पाठवतात. रोजच्या औषधाचे पैसे तर त्यातही नाहीत. चहा पिऊन गेला.

दुपारी २.२०

मेजर झोपतात. पंखा, तोंडावर पंचा. साडेचारचा गजर.

दुपारी ४.४५

म्हैस एकच, मुऱ्हा. सकाळची धार वहिनी काढतात, संध्याकाळची मेजर. कासेला कोमट पाणी मारून पुसायचं, पहिल्या दोन धारा जमिनीवर सोडायच्या, मग किटली गुडघ्यांत धरायची. बंदुकीच्या चापावर सरावलेली बोटं इथंही सारख्या दाबानं चालतात. फेस वर येतो. साडेचार लिटर. अर्धा लिटर घरी.

सरकी पेंडेचं पोतं १,७५० चं झालंय. कडबा वेगळा. म्हशीचा हिशोब विचारला तर मेजर हात हलवतात. “शेण राहतं,” म्हणतात.

संध्याकाळी ५.३०

डेअरी. रांगेत किटल्या. नळी बुडवायची, मशीन आकडा दाखवतं. फॅट ६.७. दर ५३ रुपये ४० पैसे. चार लिटरचे २१३ रुपये ६० पैसे. पावती येते आणि खिशात जाते. पैसे दहा दिवसांनी. जेवणाआधीच्या इन्सुलिनचं एक काडतूस बाहेर साडेसहाशेच्या आसपास आहे. म्हणजे तीन संध्याकाळचं दूध. हा हिशोब मुलानंच केला, मशीनसमोर उभं राहून, हसत.

संध्याकाळी ६.१०

आता खरी गोष्ट निघते. अंगणात, चहाबरोबर. चहा बिनसाखरेचा, सगळ्यांचाच. घरात साखरेचा डबा फक्त एक आहे आणि तो मुलाच्या उशाशी.

मेजर ज्या गेटवर उभे राहतात, त्याच कारखान्यात पॅकिंगला कंत्राटी पोरं घेताहेत. १६,५०० पगार. पीएफ, व्यवसाय कर आणि ईएसआयसीचे १२४ कापून हातात १४,३७६. मुलानं अर्ज टाकलाय. नोकरी लागली की ईसीएचएसचं कार्ड त्याच दिवशी गेलं, पंचविशीची वाट बघायची गरजच नाही. कमाईची मर्यादा नऊ हजार आणि त्यावर महागाई भत्ता एवढीच आहे. पण स्वतःचं ईएसआयसी कार्ड मिळेल. त्यात दवाखानाही आला, इन्सुलिनही आलं. कुठलं इन्सुलिन, ते तिथं गेल्यावर कळणार.

तलाठ्याचं काय, असं कुणी विचारत नाही.

“पाळी कुठली?” वहिनी.

“फिरती. आठवड्याला बदलते. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात.”

“मग जेवायचं कधी आणि टोचायचं कधी?”

“कॅन्टीन आहे. अर्धा तास सुट्टी असते.”

“खोकी किती किलोची?” हे मेजर विचारतात.

“अठरा-वीस.”

मेजर मान हलवतात. अंगमेहनतीनं साखर खाली येते, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. खिशात बिस्किटं ठेवता येतात, पण पॅकिंगला खिसे तपासून सोडतात. तपासणारा गार्डच असतो.

“मेडिकलचा फॉर्म आहे,” मुलगा म्हणतो. “एक ओळ आहे, कुठला आजार आहे का. काय लिहू?”

थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. गावात दोन पोरांनी ‘नाही’ लिहून नोकरी धरल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे.

“आहे ते लिही,” मेजर म्हणतात. “लाइनीवर चक्कर येऊन पडलास तर शेजारच्याला माहीत असायला पाहिजे काय द्यायचं. सुपरवायझरशी मी बोलतो.”

“आणि त्यांनी घेतलं नाही तर?”

“तर म्हैस आहे.” आणि स्वतःच हसतात.

संध्याकाळी ६.४०

तारखेवरून अडतं. कंत्राटदार महिन्यातून दोनदा घेतो, एक तारखेला आणि पंधराला. मेजरांचं म्हणणं, पंधरा सांग. म्हणजे पुढच्या सहा तारखेचं औषध ईसीएचएसमधून मिळेल, डोळ्याचंही निवांत होईल, आणि नवीन कार्ड येईपर्यंत घरात महिन्याची सोय राहील. मुलाचं म्हणणं, अर्ध्या महिन्याचा पगार बुडतो. सात हजार.

“औषध सहा हजारांचं.”

“म्हणजे हजार रुपये माझे जास्त.”

“डोळ्याचे धर.”

“डोळा या महिन्यात होतो की. रेफरल आजचंच आहे.”

वहिनी दोघांकडे आळीपाळीनं बघतात. मुलगी आतून म्हणते, जोरात, की आधी घेतील तर खरं.

“घेतलंय,” मुलगा म्हणतो. “दुपारी तुम्ही झोपला होता तेव्हा फोन आला. फॉर्म आणि मेडिकल सोमवारी. मी एक तारीख सांगितली.”

मेजर कप खाली ठेवतात. घड्याळ बघतात. रागावले नाहीत. फौजेत वरून ठरलेल्या तारखा पाळायची त्यांना सवय आहे. ही खालून आली, एवढंच.

“ईएसआयसीचा नंबर पहिल्या दिवशीच मागून घे. हातात पडल्याशिवाय लाइनीवर उभा राहू नको.”

“बरं.”

“जेवणाआधीचं इन्सुलिन मी परवा घेऊन येतो. त्यातलं जपून वापर.”

“बरं, पप्पा.”

संध्याकाळी ७.०५

वर्दी. पट्टा. डबा, पाण्याची बाटली. टॉर्चचे सेल बदलतात. वहिनी पाठीला मलम लावायला येतात, ते शर्टाच्या आत हात घालून घाईघाईत लावून घेतात.

किक मारायच्या आधी मेजर वळून सांगतात, “उद्या सकाळी तू साडेआठला गेटवर ये. मी सुटलो की तिथून थेट पुण्याला जाऊ, डोळ्याच्या दवाखान्यात. सकाळी गेलो तर तीनपर्यंत उरकेल, संध्याकाळी ड्युटीला परत.”

“तुम्ही झोपणार कधी?”

“एसटीत. डोळ्यात औषध घातल्यावर तुला दिसायचं नाही, एकटा कसा येशील? कार्ड घे. आधार घे. आणि रेफरलच्या दोन झेरॉक्स काढून आण, एक ते ठेवून घेतात.”

“नाष्टा?”

“तुझं तुझ्या वेळेला कर. टोचून, खाऊन ये. मी गेटवर चहा घेईन.”